पीकतुलनेचे आकडे व संगणकांतील विश्लेषण-साधन

गेल्या खरिपांत आपल्या संघाच्या आठ सभासदांनीं आपापल्या रानांत सोयाबीनचा जुना व नवा असे दोन वाण शेजारीं शेजारीं पेरले, दोहोंची मशागत सारखी ठेविली, आणि मळणीनंतर प्रत्येकाचें उत्पन्न निराळें वजन करून संघाच्या वहींत नोंदविलें. हेतु असा होता कीं, नव्या वाणाचें बियाणें संघानें एकत्र खरेदी करावें किंवा कसें, याचा निर्णय ऐकीव गोष्टींवर न होतां आकड्यांवर व्हावा. योजना स्तुत्य होती यांत शंका नाहीं. परंतु बैठकीच्या दिवशीं प्रकार असा घडला कीं, त्याच आकड्यांवरून दोन संगणकांनीं दोन निरनिराळे निकाल दिले. चिटणीसांच्या संगणकानें नवा वाण निश्चित सरस ठरविला. एका सभासदाच्या चिरंजीवानें तेच आकडे आपल्या संगणकावर घातले, तेव्हां दोन वाणांत फरक मानण्यास आधार नाहीं असें उत्तर आलें. कांहीं मंडळी म्हणाली, यंत्राचाच भरंवसा नाहीं. कांहींनीं चिटणीसांच्या हेतूविषयींहि शंका बोलून दाखविली, ही गोष्ट फार वाईट झाली. बियाण्याची खरेदी तहकूब राहिली, व या घोटाळ्याचा शोध घेण्याचें काम मजकडे आलें.

मी महसूल खात्यांत कारकुनी करून नुकताच निवृत्त झालेला मनुष्य. शिक्षण मराठी शाळेंतलें, इंग्रजी बेताचें. परंतु ताळा जमला नाहीं तर झोंप न येण्याची खोड नोकरीनें लावून दिली आहे, आणि या कामीं तीच उपयोगीं पडली. शोधांत जें आढळलें तें इतर गांवच्या मंडळींसहि उपयुक्त होईल असें वाटल्यावरून येथें सविस्तर देत आहें.

‘एक्सेल’ हें नांव आतां बहुतेकांस परिचित आहे. ओळी व रकाने आंखलेल्या वहीप्रमाणें दिसणारें, परंतु बेरीज-गुणाकार आपण होऊन करणारें हें हिशेबपत्रक १९८५ सालीं प्रथम मॅकिंटॉश संगणकाकरितां व १९८७ सालीं विंडोजकरितां निघालें. दूधसंकलन, मजुरी, खतांचा सांठा यांचे हिशेब त्यावर ठेवणारे सभासद आपल्यांतहि पुष्कळ आहेत. परंतु दोन वाणांतील फरक खरा कीं योगायोगाचा, खताची मात्रा वाढविली असतां उत्पन्न कोणत्या प्रमाणांत वाढतें, असले प्रश्न नुसत्या बेरजेनें सुटत नाहींत. त्यांकरितां या पत्रकाबरोबर ‘ॲनालिसिस टूलपॅक’ नांवाचें एक जोड-साधन येतें. अशा जोड-साधनास ‘ॲड-इन’ म्हणतात. सरासरी व तफावत, परस्परसंबंध, प्रतिगमन, विचरणाचें पृथक्करण, तसेंच दोन सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या ‘टी’ परीक्षा, इतकीं सर्व साधनें त्यांत एकत्र बांधलेलीं आहेत.

हें शास्त्र परकें आहे असें कोणी समजूं नये. ‘टी’ परीक्षा १९०८ सालीं विल्यम गॉसेट या गृहस्थानें ‘स्टुडंट’ या टोपणनांवानें प्रसिद्ध केली. तो डब्लिन येथील गिनेसच्या बिअरच्या कारखान्यांत नोकरीस होता, आणि थोडक्या नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढावा ही त्याच्या रोजच्या कामांतली अडचण होती. विचरणाच्या पृथक्करणाची पद्धत रोनाल्ड फिशर यांनीं बसविली. ते १९१९ पासून इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगक्षेत्रावर काम करीत होते. आपल्या बाजूस सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले पां. वा. सुखात्मे व त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनीं पीककापणीचे प्रयोग शास्त्रशुद्ध करण्याचें मोठें कार्य केलें. शेतकी क्षेत्रांत काम करणारांसाठीं त्या दोघांनीं लिहिलेला सांख्यिकीचा ग्रंथ १९५४ सालीं भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें छापला. मीं स्वतः नोकरींत असतांना पीककापणीस कित्येकदां हजर राहिलों आहें. आकड्यांच्या कोष्टकावरून जागा निघे, व तेथेंच खुंट ठोकावा लागे. शेतकरी म्हणे, “भाऊसाहेब, पलीकडचें पीक चांगलें आहे, इकडे कशाला मोजतां ?” चांगलें तेवढेंच मोजलें तर मोजणी कशाची, हें त्याला समजावितां समजावितां ऊन चढे.

आतां मुख्य मुद्दा. हें जोड-साधन आपल्या फाइलींत नसतें; तें ज्या त्या संगणकावर बसविलेल्या एक्सेलमध्यें असतें. गटाचा नकाशा टपालानें कोठेंहि पाठवितां येतो, परंतु मोजणीची सांखळी मोजणीदाराच्या कचेरींतच राहते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून चिटणीसांनीं फाइल दुसऱ्यास धाडली तेव्हां आकडे गेले, छापील निकाल गेला, पण निकाल काढणारें साधन गेलें नाहीं. शिवाय नव्या संगणकावर एक्सेल बसविलें तरी हें साधन झोंपलेलें असतें. एकदां जागें करावें लागतें. आणि ही नोंद संगणक वापरणाऱ्याच्या नांवावर होते. एकाच संगणकावर बाप व मुलगा निरनिराळ्या नांवांनीं प्रवेश करीत असतील, तर बापानें चालू केलेलें साधन मुलास दिसणार नाहीं. आमच्या कचेरींतील एका संगणकावर हाच प्रकार आढळला, व अर्धा दिवस विनाकारण गेला.

विंडोजच्या संगणकावर तें असें जागें करावें. डावीकडे वर ‘फाइल’ दाबून तळाशीं असलेलें ‘ऑप्शन्स’ उघडावें व त्यांत ‘ॲड-इन्स’ निवडावें. उजव्या बाजूस अगदीं खालीं ‘मॅनेज’ असा लहान चौकोन आहे. त्यांत ‘एक्सेल ॲड-इन्स’ असल्याची खात्री करून शेजारचें ‘गो’ दाबावें. जी यादी येईल तींत ‘ॲनालिसिस टूलपॅक’ यापुढें खूण करून ‘ओके’ म्हणावें. त्याच नांवापुढें ‘व्हीबीए’ जोडलेली दुसरीहि एक ओळ तेथें दिसते. ती स्वतः मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठीं आहे, आपणांस तिचें कारण नाहीं. यानंतर वरच्या पट्टींतील ‘डेटा’ उघडलें कीं उजव्या टोंकास ‘डेटा ॲनालिसिस’ हे शब्द दिसूं लागतात. यादींत नांवच नसेल तर तेथील ‘ब्राउज’ वापरून तें शोधावें. तें बसविलेलेंच नाहीं असा संदेश येऊन बसवूं काय असें विचारलें गेलें तर होय म्हणावें.

कधीं कधीं खूण केलेली असूनहि ‘डेटा’ खालीं कांहींच दिसत नाहीं. अशा वेळीं खूण काढावी, एक्सेल बंद करून पुन्हां उघडावें, आणि खूण पुन्हां करावी. बहुधा एवढ्यानें भागतें. न भागल्यास त्याच ‘मॅनेज’ चौकोनांत ‘डिसेबल्ड आयटेम्स’ निवडून पाहावें. एखाद्या वेळीं एक्सेल मध्येंच बंद पडलें असतां तें संशयानें जोड-साधनास तेथें अडकवून ठेवितें. बँकेच्या किंवा सरकारी कचेरीच्या संगणकावर मात्र व्यवस्थापकानेंच जोड-साधनांस बंदी केलेली असूं शकते. तेथें आपण खटपट करूं नये, त्यांसच विचारावें.

मॅक संगणकावर ‘फाइल’मध्यें शोधून उपयोग नाहीं. पडद्याच्या माथ्यावरील ‘टूल्स’ या यादींत ‘एक्सेल ॲड-इन्स’ आहे. तेथें खूण करावी, म्हणजे ‘डेटा’ पट्टींत साधन येतें. जुना मॅक असेल तर एक गोष्ट लक्षांत ठेवावी : मॅकच्या २००८ व २०११ या आवृत्त्यांत हें साधन दिलेलेंच नव्हतें. त्या आवृत्त्या अजून वापरणाऱ्यानें यादी धुंडाळण्यांत वेळ दवडूं नये.

भ्रमणध्वनीवरील एक्सेलमध्यें टूलपॅक नाहीं, आणि ब्राउझरमध्यें उघडणाऱ्या एक्सेलमध्येंहि नाहीं. तेथें पूर्वीं काढलेला निकाल वाचतां येतो, नवा काढतां येत नाहीं. सभासदाचे चिरंजीव ब्राउझरमधील एक्सेलच वापरीत होते. त्यांस ‘डेटा ॲनालिसिस’ सांपडेना, म्हणून त्यांनीं दुसरा मार्ग धरला. त्याचें पुढें काय झालें तें सांगतोंच.

ज्यांजवळ एक्सेल नाहीं त्यांनीं विनामूल्य मिळणारें ‘लिबरऑफिस’ घ्यावें. त्यांतील ‘कॅल्क’ पत्रकांत हीं साधनें मुळांतच आहेत, कांहीं जागें करावें लागत नाहीं : ‘डेटा’ मध्यें ‘स्टॅटिस्टिक्स’ उघडावें, कीं वर्णनात्मक सांख्यिकी, प्रतिगमन, पृथक्करण, ‘टी’ परीक्षा सर्व हजर. माझ्या मतें लहान संघांस हेंच अधिक सोयीचें आहे. पैसे पडत नाहींत, व जुन्या संगणकावरहि चालतें.

इंटरनेटवरून उतरविलेल्या इतरांच्या जोड-साधनांविषयीं थोडें. अशा फाइलीस विंडोज परकी समजून अडविते. ती विश्वासू ठिकाणाहून घेतली असल्याची खात्री असेल तरच तिच्यावर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मध्यें ‘अनब्लॉक’पुढें खूण करावी. साधनच चालत नाहीं म्हणून सर्व मॅक्रोंस सरसकट परवानगी देणें म्हणजे उंदरासाठीं घराचें दार काढून ठेवण्यासारखें आहे. ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवून जोडूं नये. पेनड्राइव्ह काढला कीं एक्सेल दर वेळीं साधन सांपडत नाहीं म्हणून तक्रार करील. कांहीं साधनें ३२ बिटांच्या व कांहीं ६४ बिटांच्या एक्सेलकरितां निराळीं बनविलेलीं असतात, आणि एक दुसऱ्यांत चालत नाहीं. आपलें कोणतें तें ‘फाइल’, ‘अकाउंट’, ‘अबाउट एक्सेल’ येथें लिहिलेलें असतें.

आतां आमच्या घोटाळ्याकडे वळूं. आकडे एकरीं क्विंटलांत आहेत, व समजण्यास सोपे जावे म्हणून अर्ध्या क्विंटलापर्यंत गोळा केले आहेत.

पहिलें शेत : जुना ७.०, नवा ८.०
दुसरें : जुना ९.०, नवा ९.५
तिसरें : जुना ६.०, नवा ७.५
चौथें : जुना ८.०, नवा ७.५
पांचवें : जुना १०.०, नवा ११.०
सहावें : जुना ५.०, नवा ६.०
सातवें : जुना ८.५, नवा ९.०
आठवें : जुना ६.५, नवा ७.५

जुन्याची सरासरी ७.५ व नव्याची ८.२५ येते, म्हणजे एकरीं पाऊण क्विंटलाचा फरक. चिटणीसांचें पत्रक मीं उघडलें तेव्हां प्रथमच एक विसंगति दिसली. रकान्याखालीं सरासरीचें सूत्र ८.२५ दाखवीत होतें, आणि शेजारच्या टूलपॅकच्या कोष्टकांत नव्या वाणाची सरासरी ७.८ लिहिलेली होती. शोध केला तों असें कळलें कीं, दुसऱ्या शेताचा आकडा प्रथम ९.५ ऐवजीं ५.९ असा पडला होता. त्यावरून चिटणीसांनीं निकाल काढला, मागाहून चूक दुरुस्त केली, व पुन्हां निकाल काढून तो दुसऱ्या पानावर ठेविला. पहिलें कोष्टक पुसावयाचें राहिलें. टूलपॅक आपला निकाल बहुतेक ठिकाणीं थिजलेल्या आकड्यांत लिहितें. वरचा आकडा बदलला म्हणून खालचें कोष्टक बदलत नाहीं. सातबाऱ्यावर फेरफार झाला तरी पूर्वीं काढून नेलेली नक्कल जशीच्या तशी राहते, तसें. म्हणून आकडा दुरुस्त केला कीं जुनें कोष्टक पुसून परीक्षा नव्यानें चालवावी, आणि रकान्याखालीं सरासरीचें जिवंत सूत्र अवश्य ठेवावें, म्हणजे मेळ पाहतां येतो.

दुसऱ्या पानावरील चिटणीसांचा निकाल मात्र बरोबर होता. त्यांनीं ‘डेटा ॲनालिसिस’मधून जोडीची, म्हणजे ‘पेअर्ड’, टी-परीक्षा निवडली होती. तींत प्रत्येक शेताचा फरक त्याच शेतापुरता पाहिला जातो. पांचवें रान काळें, कसदार, सहावें मुरमाड. या दोहोंच्या उत्पन्नांत पांच क्विंटलांचें अंतर आहे, पण तें जमिनीचें आहे, वाणाचें नव्हे. जोडीच्या परीक्षेंत हें अंतर बाजूस पडतें व आठ फरक उरतात. त्यांपैकीं सात नव्याच्या बाजूचे, एक विरुद्ध. टी-मूल्य ३.५५ येतें, आणि संभाव्यता सुमारे ०.००९. याचा अर्थ असा कीं, दोन वाण वस्तुतः सारखेच असते, तर केवळ योगायोगानें एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याचा संभव हजारांत सुमारें नऊ.

चिरंजीवांस हें साधन न सांपडल्यामुळें त्यांनीं पत्रकांतील सूत्र हातानें लिहिलें. या सूत्राचें नांव ‘टीटेस्ट’. त्यांत चार गोष्टी द्याव्या लागतात : पहिला रकाना, दुसरा रकाना, एक टोंक कीं दोन टोंकें, आणि शेवटीं परीक्षेचा प्रकार. प्रकाराच्या जागीं १ म्हणजे जोडीची परीक्षा. २ म्हणजे दोन स्वतंत्र गट, तफावत सारखी धरून. ३ म्हणजे स्वतंत्र गट, तफावत निराळी धरून. त्यांनीं २ लिहिला. मग यंत्रानें असें समजलें कीं जुना वाण एका आठ शेतांत व नवा भलत्याच आठ शेतांत पेरला होता. काळ्या व मुरमाड रानांतील सगळें अंतर हिशेबांत शिरलें, टी-मूल्य ०.९४ वर उतरलें, आणि संभाव्यता सुमारे ०.३७ आली. शंभरांत सदतीस म्हटल्यावर फरक मानण्यास आधार नाहीं हें ठीकच. दोन्ही यंत्रांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर बिनचूक दिलें होतें. प्रश्नच दोन होते. २ च्या जागीं १ लिहितांच चिरंजीवांच्या संगणकावरहि तेंच ०.००९ उमटलें. चिटणीसांचा यांत लवमात्र दोष नव्हता, व तें बैठकींत सर्वांसमक्ष सांगितलें गेलें.

यांतून पुढील कामासाठीं मीं एक पद्धत बसविली आहे. निकाल टूलपॅकमधून काढला तरी त्याच पत्रकावर ‘टीटेस्ट’ सूत्रहि लिहून ठेवावयाचें. सूत्र फाइलीबरोबर प्रवास करतें, जोड-साधनावर अवलंबून राहत नाहीं, आणि आकडा बदलला कीं आपणहि बदलतें. तें विंडोज, मॅक, भ्रमणध्वनि, ब्राउझर, लिबरऑफिस, तसेंच गुगलचें पत्रक, सर्वत्र चालतें. नांव रोमन अक्षरांत, मध्यें बिंदु न देतां लिहावें. ‘टी’ व ‘टेस्ट’ यांमध्यें बिंदु असलेलें नवें नांव २०१० च्या एक्सेलपासून आलें. त्यापूर्वींच्या आवृत्तींत तें लिहिल्यास नांव ओळखत नसल्याचा दोष दिसतो. बिनबिंदूचें जुनें नांव दोहोंकडे चालतें. प्रतिगमनासाठीं ‘लिनेस्ट’ व परस्परसंबंधासाठीं ‘कोरेल’ हीं सूत्रें याच रीतीनें वापरतां येतात.

आकडे भरतांना दोन गोष्टी सांभाळाव्या. रकान्यांत ‘८ क्विं.’ असें लिहूं नये, नुसतें ८ लिहावें. परिमाण मथळ्यांत द्यावें. अक्षरें मिसळलेलीं असलीं तर टूलपॅक आकड्यांखेरीज मजकूर आहे म्हणून काम थांबवितें. मथळाहि निवडींत घेतला असेल तर ‘लेबल्स’पुढें खूण करावी. दुसरी गोष्ट, जोडीच्या आकड्यांत एकच रकाना चढत्या-उतरत्या क्रमानें लावूं नये. तसें केल्यास पहिल्या शेताचा जुना वाण सहाव्या शेताच्या नव्या वाणापुढें जाऊन बसेल, आणि यंत्र मुकाट्यानें चुकीचें उत्तर देईल.

बियाण्याच्या खरेदीचें सांगावयाचें तर, फरक खरा आहे एवढेंच या परीक्षेनें ठरलें. पाऊण क्विंटलाच्या किंमतींत बियाण्याचा वाढीव भाव निघून काय उरतें हा हिशेब प्रत्येकानें आपल्या बाजारभावानें करावयाचा आहे, आणि आठ शेतें व एकच हंगाम हा पुरावा मला तरी बेताचाच वाटतो. गेल्या बैठकींत असें ठरलें कीं, यंदा निम्म्या मागणीपुरतेंच बियाणें घ्यावें व तुलनेचीं शेतें वाढवावीं. चौथ्या शेताच्या मालकांनींहि पुन्हां पेरण्याचें कबूल केलें आहे. त्यांच्या रानांत नवा वाण कां मागें पडला तें पाहावयाचें आहे.

सूत्रांसह कोरें पत्रक संघाच्या कचेरींतील संगणकावर ठेविलें आहे. ज्यांस नक्कल हवी असेल त्यांनीं पेनड्राइव्ह घेऊन यावें, आणि आपल्या संगणकावर एक्सेल कोणत्या सालचें आहे तें येतांना पाहून यावें, म्हणजे साधन कोठून जागें करावयाचें तें तेव्हांच सांगतां येईल. वजनाची वही मात्र कागदावरचीच ठेवावी, त्या ५.९ चा शोध वहींतल्या ९.५ मुळेंच लागला.